गुन्हा आणि व्यसन जागेला का चिकटतात?

प्रत्येक शहरात दोन-चार वस्त्या अशा असतात, की त्यांचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. पत्ता ऐकून रिक्षावाला नको म्हणतो, घरमालक खोली द्यायला कां-कूं करतो आणि नोकरीच्या मुलाखतीत पुढचा प्रश्न जरा वेगळ्या सुरात येतो. या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत असते: तिथली माणसंच तशी. खरंच माणसं तशी असतात की त्या जागेत काही असतं? हा प्रश्न भाषणबाजीने सुटणारा नाही. पण तो मोजून पाहता येतो, आणि शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात तो मोजून पाहिला गेला.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन अभ्यासकांनी बालन्यायालयाच्या नोंदी उघडल्या. चोरीमारी, मारामाऱ्या अशा कारणांनी कोर्टापुढे आलेल्या प्रत्येक मुलाचा घरचा पत्ता काढला आणि शहराच्या नकाशावर तिथे एक टिंब दिलं. एक मुलगा, एक टिंब. हे काम त्यांनी एकाच काळापुरतं न करता 1900 ते 1906, 1917 ते 1923 आणि 1927 ते 1933 अशा तीन काळांसाठी केलं. टिंबं सगळीकडे सारखी पसरली नव्हती. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून असलेल्या पट्ट्यात आणि कारखाने, कत्तलखान्यांच्या आजूबाजूला ती दाट होती. तिथून बाहेर, उपनगरांकडे जावं तशी ती विरळ होत गेली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, यात नवल काय, गरीब लोक तिथे राहत होते. नवल पुढे आहे. त्या तीस-पस्तीस वर्षांत त्या पट्ट्यातली माणसं जवळजवळ पूर्ण बदलली होती. आधी जर्मन, आयरिश, स्वीडिश कुटुंबं होती. ती चार पैसे गाठीशी बांधून बाहेर सरकली, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले, आणि पुढे दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय. जे बाहेर सरकले त्यांच्या मुलांचं कोर्टात येण्याचं प्रमाण घटलं. जे नव्याने आले त्यांच्या मुलांचं वाढलं. पट्ट्याचं प्रमाण मात्र चढंच राहिलं. ‘आयरिश रक्तच भांडखोर’, ‘इटालियन जन्मजात गुन्हेगार’ असं त्या काळात उघड बोललं जायचं. त्या बोलण्याला या नकाशाने आधारच ठेवला नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट चाललं होतं, हे इथे सांगायलाच हवं. ब्रिटिशांनी 1871 साली कायदा करून अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. मूल जन्मताच सरकारच्या लेखी संशयित. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठी केलेल्या बंदिस्त वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, त्यांची हजेरी घेतली, बाहेर जायचं तर परवानगी लावली. हा कायदा स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. तरीही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी धाड पडते, हे आजही घडतं. ज्यांना गाव वस्तीत जागा देत नाही, शाळेत दाखला देत नाही, त्यांच्या रक्तात दोष शोधायचा, हा अन्याय अजून संपलेला नाही. म्हणून या विषयात कुणी ‘जात’, ‘समाज’, ‘खानदान’ असे शब्द काढले, की मला शिकागोचा तो नकाशा त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो.

मग त्या पट्ट्यात होतं तरी काय? घरं स्वस्त होती, कारण ती पडकी होती. ती पडकी होती, कारण मालकांना आज ना उद्या जमीन कारखान्याला विकायची होती, मग डागडुजीवर पैसा कोण घालणार? धूर, गोंगाट, दाटीवाटी. जमेल तो लवकरात लवकर बाहेर पडायचा, त्यामुळे शेजारी कोण हे कळेपर्यंत शेजारी बदललेला. आईवडिलांची भाषा एक, रस्त्याची दुसरी. पोरांना मोठी पोरं भेटायची ती आधीच कोर्टाची पायरी चढलेली, आणि धाकट्यांना तीच धडे द्यायची. नोंदी मागे मागे तपासत गेल्यावर या मुलांची साखळी दिसत होती: आजच्या टोळक्यातला थोरला हा कालच्या टोळक्यातला धाकटा.

दोन गोष्टींचं भान मात्र ठेवायला हवं. पहिली म्हणजे कोर्टाच्या नोंदी म्हणजे सगळे गुन्हे नव्हेत. गरीब वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, म्हणून पकडले जाणारेही जास्त. बंगल्यातल्या मुलाने गाडीची काच फोडली तर ते प्रकरण दोन घरांत मिटतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वस्ती आपोआप खालावत नाही, कुणीतरी घेतलेल्या निर्णयांनी खालावते. 1930 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात ‘धोकादायक’ म्हणून दाखवल्या. अशा भागांत घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल झालं. कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही, दुकान नाही, घराची किंमत नाही. पुढच्या पिढ्यांनी त्याचे परिणाम भोगले आणि दोष मात्र त्यांच्याच माथी आला.

शेजारी मधे पडतो का?

गरिबी आणि गुन्हा यांचं नातं सरळ नाही. सारख्याच गरीब दोन वस्त्या घेतल्या, तरी एक शांत असते आणि दुसरीत रोज राडा. हा फरक कशाने पडतो हे शोधायला रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांचे सहकारी पुन्हा शिकागोतच उतरले. 1995 मध्ये शहराचे 343 भाग पाडून 8,782 रहिवाशांशी बोलणं झालं. प्रश्न अगदी साधे होते. शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी काही बोलतील का? कुणी भिंतीवर रंगाने काहीबाही खरडत असेल तर? तुमच्या दारासमोर मारामारी जुंपली तर? पैसे नाहीत म्हणून जवळचं अग्निशमन केंद्र बंद करायचं ठरलं तर लोक एकत्र येतील का? आणि त्याच्या जोडीला: इथल्या लोकांवर तुमचा भरवसा आहे का?

जिथे ‘हो, बोलतील, मधे पडतील’ अशी उत्तरं जास्त आली, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबीचा हिशेब वेगळा काढून पाहिल्यावरही हा फरक टिकला. म्हणजे गरिबी आपलं काम बऱ्याच अंशी आडून करते. ती शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा मोडते, आणि मग दुसऱ्याच्या पोराला ‘काय रे, शाळा नाही का आज?’ एवढं विचारायचीही कुणाची हिंमत राहत नाही.

मुंबईच्या गिरणगावाने हे सगळं अनुभवलं आहे. लालबाग, परळ, शिवडी, भायखळा. दहा बाय बाराची खोली, लांबलचक सामाईक गॅलरी, एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली गावकीची खोली, बायांच्या खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं, गणेशोत्सव. पोर कुठे उंडारतंय हे आईच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ठाऊक. श्रीमंती कधीच नव्हती, पण शब्दाला वजन होतं. आणि माझ्या मते त्या वजनामागे नोकरी होती, हे आपण विसरतो. वडील किंवा चाळीतले एखादे दादा गिरणीत माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायचे, पोरगा बदली कामगार म्हणून चिकटायचा. ज्याच्या हातून आपली भाकरी लागणार आहे, त्याचं पोरगं ऐकतं.

18 जानेवारी 1982 रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. टोळ्या, मटका, हातभट्टी हे सगळं आधीपासून होतं. संपानंतर बदललं ते एवढंच, की त्यांना माणसं मिळायला लागली. बाप घरी बसला, त्याचा शब्द टाकायला जॉबर उरला नाही आणि नाक्यावरच्या ‘भाई’कडे रोख पैसे होते. गॅलरी तीच, काकू तीच. म्हणून नुसत्या ‘चाळ संस्कृती’ची आठवण काढून हळहळणं मला अपुरं वाटतं. शेजारपणाला पोटापाण्याचा आधार लागतो, तो काढून घेतला की नजर असूनही धाक राहत नाही.

वस्ती नव्हे, चार दारं

आतापर्यंत आपण वस्तीबद्दल बोललो. भिंग आणखी जवळ नेलं की चित्र बदलतं, आणि मला तरी या विषयातला सर्वांत आशादायक भाग तोच वाटतो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन यांनी पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार लावून पाहिले. शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. पुढे डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिएटल शहरात चौदा वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी रस्त्याच्या एकेका तुकड्यानुसार तपासल्या. चार ते पाच टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे, आणि बहुतेकदा वर्षानुवर्षं त्याच तुकड्यांवर. ज्या भागाला शहर सरसकट ‘बदनाम’ म्हणतं, त्यातल्या बहुसंख्य गल्ल्यांत काहीच घडत नसतं. तिथे लोक डबा भरतात, पोरांची वेणीफणी करतात, कामाला जातात. बदनामी सगळ्या वस्तीची होते, गुन्हे दोन-चार ठिकाणी होतात.

ती दोन-चार ठिकाणं कशी ठरतात? लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये याची सोपी मांडणी केली. गुन्हा करायची इच्छा असलेला माणूस, हाताला लागेल असं सावज आणि रोखणारं कुणी नसणं, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच जागी आल्या की गुन्हा घडतो. त्यातली एक काढा, गुन्हा अडतो. बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, दिवा गेलेला जिना, स्टेशनच्या टोकाचा ओसाड पूल, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बारसमोरचा अंधारा बोळ या ठिकाणी तिन्ही गोष्टी आयत्या जमतात. गर्दच्या, म्हणजे हलक्या हेरॉइनच्या, पुड्या विकणाऱ्याला तर आणखीही काही लागतं: गिऱ्हाइकाला सहज सापडेल अशी जागा, लांबून पोलीस दिसतील अशी नजर आणि पळायला मागची वाट. अशा जागा शहरात मोजक्या असतात.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, ‘इथून हाकललं तर ते पलीकडच्या गल्लीत जातील, फरक काय?’ न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमध्ये हीच शंका तपासली गेली. अमली पदार्थांचा आणि वेश्याव्यवसायाचा बाजार भरणाऱ्या ठरावीक जागांवर पोलिसांनी जोर लावला आणि संशोधकांनी आजूबाजूच्या गल्ल्यांवर नजर ठेवली. तिथले गुन्हे वाढले नाहीत, उलट तिथलाही त्रास कमी झाला. नवी जागा म्हणजे नवी माणसं, दुसऱ्याचा इलाका, हरवलेली गिऱ्हाइकं. धंदा उचलून नेणं बाहेरून वाटतं तेवढं सोपं नसतं.

पोलीसच लागतात असंही नाही. फिलाडेल्फियामध्ये हजारो मोकळे प्लॉट ओस पडले होते. गुडघाभर गवत, टायर, फुटक्या गाद्या. तिथल्या संशोधकांनी 541 प्लॉट निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. काहींवर कचरा काढून, जमीन सपाट करून हिरवळ लावली, थोडी झाडं लावली आणि लाकडाचं बुटकं कुंपण घातलं. कुंपणात मुद्दाम वाट ठेवली, म्हणजे लोकांनी आत यावं. काहींची नुसती सफाई केली. उरलेले होते तसेच सोडले. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. गरीब वस्त्यांतल्या सुधारलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी घटले. कारणांत काही जादू नाही. उंच गवतात आणि ढिगाऱ्यात बंदुका आणि माल लपवला जायचा, ती लपण सरली. आणि लोक अंगणात खुर्च्या टाकून बसायला लागले. हिवतापाच्या साथीत आपण तापलेल्या माणसाला दोष देत बसत नाही, आधी डबकं बुजवतो. इथे तेच झालं.

नशेची जागा शरीरालाही कळते

व्यसनाच्या बाबतीत भूगोल दोन पातळ्यांवर काम करतो. पहिली पातळी नकाशावरची. म्यानमारच्या बाजूच्या डोंगरांत अफू पिकते, त्यातून बनणारं ‘नंबर फोर’ हेरॉइन 1980 च्या दशकात मोरे या सरहद्दीवरच्या गावातून मणिपुरात पसरलं. माल जातो त्या वाटेवर स्वस्त असतो आणि सहज मिळतो. सुया सामाईक वापरल्या गेल्या आणि 1990 च्या सुमारास तिथे एचआयव्हीची साथ भडकली. मणिपुरी तरुणांच्या स्वभावात काही वेगळं नव्हतं, त्यांचं घर त्या वाटेवर होतं.

दुसरी पातळी शरीरातली, आणि घरात व्यसनी माणूस असलेल्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी अशी माझी कळकळ आहे. व्हिएतनाम युद्धात तिथे हेरॉइन पाण्याच्या भावाने मिळत होतं. परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. जवळपास पाचातला एक जण तिथे असताना व्यसनाधीन झाला होता. मायदेशात हाहाकार उडणार अशी सगळ्यांची धास्ती होती. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात, व्यसनाधीन झालेल्यांपैकी साधारण 5 टक्केच पुन्हा त्यात अडकले. तो चिखल, ती भीती, ते साथीदार, तो पुरवठा सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं.

आपल्याकडचा रुग्ण नेमका याच्या उलट प्रवास करतो. तो घरातून निघून व्यसनमुक्ती केंद्रात जातो, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा शरीराचा त्रास, सोसतो, महिनाभर बरा राहतो आणि परत येतो ते त्याच नाक्यावर. बसमधून उतरलं की समोर देशीचं दुकान, पानटपरीवर तेच मित्र, तोच पुलाखालचा अड्डा. मेंदूने त्या जागेची आणि नशेची गाठ मारून ठेवलेली असते. गर्द ओढायच्या पन्नीचा वास, काचेच्या ग्लासांचा आवाज, संध्याकाळची सहाची वेळ यातलं काहीही पुरतं आणि आतून हाक येते. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं क्रूरपणाचं आहे.

ही गाठ किती खोल असते ते शेपर्ड सीगल यांच्या 1982 मधल्या प्रयोगात दिसलं. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली, मग मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा 32 टक्के उंदीर मेले, अनोळखी खोलीत तोच डोस दिला तेव्हा 64 टक्के. नेहमीची जागा दिसली की शरीर नशा झेलायची आधीच तयारी करतं. ओळखीची खूण नसेल तर ती तयारी होत नाही. याला जोडून आणखी एक धोका लक्षात ठेवायचा: केंद्रातून बाहेर आलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, जुन्या सवयीने घेतलेला जुना डोस त्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून परतल्यानंतरचे पहिले आठवडे घरच्यांनी त्याला एकटं पडू देऊ नये, कामावर जायची वाट बदलून द्यावी आणि जमलं तर काही दिवस दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावं. केंद्र सरकारची 14446 ही हेल्पलाइन मोफत आहे.

मग सगळ्यांनाच चांगल्या वस्तीत हलवावं का? अमेरिकेत 1994 ते 1998 दरम्यान पाच शहरांत हेही करून पाहिलं. गरीब सरकारी वसाहतींतल्या काही कुटुंबांना चिठ्ठी काढून बऱ्या भागात घर घ्यायला मदत दिली. तेरा वर्षांच्या आत हललेली मुलं मोठेपणी मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे 31 टक्के जास्त कमावू लागली. पण जे मुलगे किशोरवयात हलले, त्यांची गोष्ट तितकी सरळ नव्हती. मारहाणीचे गुन्हे घटले, चोरीचे काही काळाने वाढले. जुने मित्र तुटले होते आणि नव्या भागात ते उपरे होते. वस्तीचा परिणाम औषधाच्या गोळीसारखा एका दिवसात होत नाही, तो बालपणाच्या एकेका वर्षाने साचतो. शिवाय सगळी वस्ती उचलून कुठे नेणार? जिथे माणसं आहेत तिथेच काही करावं लागेल.

महाराष्ट्रात त्यासाठी एक हत्यार आहे आणि ते बायकांच्या हातात आहे. गावातलं किंवा शहराच्या वॉर्डातलं परवाना असलेलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं. आधी महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. सह्या तपासल्या जातात आणि गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद.

दुकान गेल्यावर हातभट्टी वाढली तर सगळं पाण्यात, हे खरं आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरी गावात दारू येऊ नये म्हणून तिथल्या बायांना आजही पहारा द्यावा लागतो. दुकान बंद करणं आणि नंतर डोळ्यांत तेल घालून बघणं ही दोन्ही कामं त्याच शेजारणींना करावी लागतात, आणि जिथे त्या एकमेकींच्या भरवशाच्या असतात तिथेच ती तडीला जातात. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, तीही अशीच कुणीतरी मागे लागल्याशिवाय पाळली जात नाही.

बाटलीच्या मतदानात बरेच जण एका जागी फसतात. जिंकायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं ही त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी मोजत नाहीत, मतदार यादीतल्या एकूण महिलांपैकी मोजतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव, वारलेल्या आजीचं नाव, ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव, ही सगळी यादीत असतात आणि प्रत्येक नाव दुकानाच्याच बाजूने पडल्यासारखं होतं. त्यामुळे सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी घेऊन घरोघर फिरावं, जुनी नावं वगळायचे अर्ज द्यावेत आणि मतदानाची तारीख बाया गावात असतील अशा दिवसांत मागून घ्यावी.